भिंतीवर चढणारी बोटं

चहा घ्या आधी. हसायचं असेल तर हसा, पण कप खाली ठेवून हसा. अंगावर सांडलात तर मी जबाबदार नाही. माझी जी फजिती झाली ती गावात सगळ्यांना ठाऊक आहे आणि प्रत्येकजण ती वेगळी सांगतो. म्हणून खरी काय ती माझ्याच तोंडून ऐका.

मी मेंढरं राखणारा माणूस, सांगोल्याकडचा. शाळा मी लांबून बघितली. पण जनावराचं अंग मला कळतं. मेंढराचा पाय मोडला की मी बांबूच्या कामट्या लावतो, चिंधीनं घट्ट बांधतो आणि सोडून देतो. पाय जुळतो. आजवर एकही मेंढरू माझ्या हातून लंगडं राहिलेलं नाही. म्हणजे राहिली असतील एक-दोन. ती विकली.

तर उन्हाळ्यात मी मेंढरांना घालायला बाभळीच्या शेंगा पाडत होतो. लांब काठीच्या टोकाला कोयतं बांधलेलं असतं, त्याला आम्ही आकडी म्हणतो. ती फांदीत अडकली. मी ओढली. येईना. मग मी तिला दाखवून द्यायचं ठरवलं आणि असा हिसडा मारला की फांदी जागच्या जागी राहिली, आणि माझ्या उजव्या खांद्यात जुनं लुगडं फाटावं तसा आवाज झाला.

घरी आलो. हात छातीशी धरला आणि फडक्यानं आवळून टाकला. अगदी मेंढराच्या पायासारखा.

बायको म्हणाली, "आवं, दवाखान्यात दावा की."

मी म्हणालो, "बांधलंय न्हवं."

विषय संपला. आमच्या घरात विषय असेच संपतात.

बरेच दिवस गेले. ठणका गेला. मी खूश. फडकं सोडलं आणि हात उचलायला गेलो, तर हात कमरेच्या वर यायला तयार नाही. खरं सांगायचं तर तो माझा वाटेचना. दुसऱ्या कुणाचा तरी आणून खांद्याला अडकवावा तसा. पहाटे जाग आली की तो माझ्या शेजारी पडलेला असायचा, गार, आणि हे कोण झोपलंय म्हणून मीच दचकायचो.

थोरला मुलगा बिरू सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात आहे. तो आला, बघितलं, आणि मला न विचारता मला आणि त्याच्या आईला एसटीत घालून सोलापूरला घेऊन गेला. तिथल्या दवाखान्यात खांद्याचे फोटो काढले. हाड शाबूत निघालं. मोठ्या डॉक्टरनं मला व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरणीकडं धाडलं. पोरगी नातीएवढी, पण आवाज मास्तरणीचा.

"बाबा, इतके दिवस बांधून कशाला ठेवला?"

"मेंढराचा पाय बांधतो तसा."

"अहो, ते हाड असतं. हाड गप्प ठेवलं की जुळतं. तुमचं आतलं मांस फाटलंय, आणि ते हाडाला धरून ठेवणारी दोरी असते तीही. त्यांना सुरुवातीचे थोडे दिवस आराम चालतो. पुढं हलवावं लागतं. शरीर तिथं नवे धागे टाकतं, पण घाईत टाकतं, आडवेतिडवे, कसेही. रोज थोडी थोडी ओढ दिली की ते धागे ओढीच्या बाजूला सरळ होतात, बळकट होतात. ओढच मिळाली नाही तर त्यांचा गठ्ठा होतो. तुमचा झालाय."

माझ्या अंगाला गठ्ठा म्हणणारी ही पहिलीच.

"मग आता काय करायचं?" बिरूनं विचारलं.

"व्यायाम. रोज. आखडलेला खांदा महिने खातो, पण सुटतो. या, दाखवते."

व्यायाम हा शब्द ऐकला आणि मी उठलो. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत मेंढरांमागं चालणाऱ्या माणसाला व्यायाम शिकवणार. बाहेर जाऊन झाडाखाली बसलो. बायको आतच राहिली. चांगल्या तासाभरानं बाहेर आली, तोंडावर काहीतरी शिकून आल्याची कळा.

स्टँडवर बिरू म्हणाला, "तात्या, येका हातानं मेंढरं कशी राखनार तुमी? दसऱ्यापतूर हात वर गेला न्हाय तर मी यापारी घिऊन येनार. इकून टाकू कळप."

आजाचा कळप, बापाचा कळप, आता माझा. मेंढरू मरतं, विकलं जातं, पण कळप तोच असतो. तो गेल्यावर सकाळी उठून मी कुठं जाणार होतो, हे बिरूनं सांगितलं नाही.

एसटी सुटली तशी बायको सांगायला लागली. "ती डाक्टरीन म्हनत व्हती, भितीम्होरं हुबं ऱ्हाऊन—"

"ते तुझ्यापाशी ठेव," मी म्हणालो.

तिनं ठेवलं. लग्न झाल्यापासून तिनं माझा शब्द मोडलेला नाही. तेच नडलं.

घरी आल्यावर मी हात पुन्हा बांधला. बायको दुपारी हळद-तेल कोमट करून खांद्याला चोळायची. ते मी चोळून घ्यायचो, कारण त्यात मला स्वतःला काही करावं लागत नव्हतं. चोळून झालं की मी पुढच्या सोप्यात आडवा व्हायचो आणि ती तिच्या कामाला जायची.

आता पुढचं नीट ऐका.

आमच्या घराला मागं एक खोली आहे. तिला खिडकी नाही. लोकरीची पोती तिथं असतात. भर दुपारीसुद्धा तिथं दिवेलागण झाल्यासारखं वाटतं. माझे वडील, आबा, त्याच खोलीत गेले. त्यांचं काळं घोंगडं तिथंच उंच खुंटीला टांगलेलं आहे. जाताना ते मला म्हणाले होते, "जवर मेंढरं हाईत तवर घोंगडं हितं ऱ्हाईल." पुढं काय, ते बोलले नाहीत. वाक्य पुरं करायची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

एका दुपारी मोकळं पोतं आणायला मी त्या खोलीत गेलो. डोळे अंधाराला सरावले आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर मला चार ठिपके दिसले. पिवळे. छातीच्या उंचीला, बाजूबाजूला. त्यांच्या वर आणखी चार. त्यांच्या वर आणखी. मग काही नाही.

ती बोटं होती. नुसती बोटं. तळहात नाही, अंगठा नाही. कुणीतरी भिंत चढत निघावं आणि दमून मध्येच थांबावं तशी.

मी वास घेतला. हळद. आता बिरोबाच्या माणसाला पिवळं दिसलं की भंडारा आठवतो, देवापुढं उधळायची ती हळद. दुसरं काही सुचत नाही. मला तरी सुचलं नाही. घरात रोज कुणाचे हात हळदीनं भरतात, एवढा साधा विचार डोक्यात आला असता तर तुम्हाला आज चहाबरोबर ऐकायला काही नसतं.

मी पोतं न घेता बाहेर आलो.

दोन-चार दिवसांनी पुन्हा डोकावलो. ठिपके हनुवटीपर्यंत आले होते. पुढच्या खेपेला कपाळापर्यंत. सगळे सरळ वर निघालेले नव्हते, जरा डावीकडं झुकत होते. मी नजर तशीच वर नेली. तिथं खुंटी होती. खुंटीला आबांचं घोंगडं.

भीती वाटली का, असं विचाराल. मेंढरांसाठी मी लांडग्यापुढं उभा राहिलोय. पण लांडगा भिंत चढत नाही.

मी कुणाला काही बोललो नाही. डाव्या हातानं चुना कालवला आणि भिंत पांढरी करून टाकली. बायकोनं बघितलं, पण विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर आत गेलो. कोऱ्या भिंतीवर ताजी बोटं. आदल्यापेक्षा वर.

मग एके दुपारी मी सोप्यात पडलो होतो. बायको नळाला गेली असावी असा माझा समज. घर गप्प. आणि मागच्या खोलीतून आवाज आला. खस. मग थांबून, खस. भिंतीवरून काहीतरी सरकत होतं. मध्येच कण्हल्यासारखा श्वास. माणसाचा. म्हाताऱ्या माणसाचा.

आमचा कुत्रा वाघ्या उंबऱ्यावर बसला होता. अनोळखी माणूस फर्लांगावरून गेला तरी तो भुंकतो. तो त्या खोलीच्या दाराकडं बघत होता आणि शेपूट हलवत होता. ओळखीचं कुणीतरी आत होतं. माझ्या अंगावर काटा आला. आबांचा आणि त्या कुत्र्याच्या आजाचा फार लोभ होता.

मी पळालो नाही. मेंढरांना पाणी पाजायचं राहिलं होतं, म्हणून जरा घाईनं बाहेर गेलो.

तिथून तडक बिरोबाच्या देवळात. पुजारी सिदू माझ्याच वयाचा. पायरीवर तंबाखू मळत बसला होता. त्याला सगळं सांगितलं.

"कुटवर गेल्यात बोटं?"

"माझ्या डोस्क्याच्या वर."

"कुनीकडं चाललीत?"

"खुंटीकडं. आबाचं घोंगडं हाय तितं."

सिदूची तंबाखू मळायची थांबली. "घरात मेंढरं इकायचं बोलनं झालंय का रं तात्या?"

मला घामच फुटला. मी त्याला मेंढरांचा शब्द सांगितला नव्हता. बिरू साऱ्या गावाला सांगून गेला होता, ही गोष्ट निराळी. ती मला त्या वेळी आठवली नाही.

"व्हय," मी म्हणालो. "दसऱ्यापतूर हात वर न्हाय गेला तर."

"मंग झालं की. मेंढरं जानार म्हनल्यावर आबा घोंगडं माघारी न्यायला निघाल्यात. हाताला घोंगडं लागलं की थांबायचे न्हाईत."

"मंग?"

"संगं कोन जातंय तेवढंच बघायचं."

"उपाय सांग."

"ऐतवारी बकरं. आनि घरातल्या समद्यांनी त्या ठिपक्यावर बोटं टेकवायची. ज्येची बोटं बरूबर बसतील त्येला आबांनी धरलंय. त्येच्यावरनं उतरून टाकू."

घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "ऐतवारी बकरं हाय. भावकी येनार. भाकरीचं बघ."

"कशापायी?"

"हाताला."

ती खूश झाली. "बरं," म्हणाली. मला तिला घाबरवायचं नव्हतं. आणि खरं म्हणजे मी घाबरलोय हे तिला कळू द्यायचं नव्हतं.

शनिवारी दिवस कलताना मी खोलीच्या दारात उभा राहिलो. आत पाऊल टाकायचं धाडस नव्हतं. वर बघितलं. खुंटी रिकामी होती.

घोंगडं खाली, लोकरीच्या पोत्यावर, नीट घडी करून ठेवलेलं. आबा अशीच घडी घालायचे. मी कसाबसा आत गेलो आणि घडीवर हात ठेवला. घोंगडं ऊबदार होतं. कुणी आत्ताच अंगावरून काढून ठेवावं इतकं ऊबदार.

त्यानंतर मी मेंढरांच्या वाड्यात जाऊन बसलो. मेंढरं रवंथ करत माझ्याकडं बघत होती. ती आबांनाही अशीच बघायची. माझ्यामागं ह्यांचं काय होणार, हा एकच विचार. मी जाणार हे मी धरूनच चाललो होतो.

रविवार उजाडला. बिरू आणि सून सोलापुरातून आले. भावकी जमली. सिदूनं त्या खोलीत दिवा लावला, भंडारा उधळला आणि म्हणाला, "या येकेक."

बिरूनं बोटं टेकवली. जाड निघाली. सुनेची लांब. चुलत्याची वाकडी. मी डावा हात टेकवला, बसेना.

"उजवा लाव," सिदू म्हणाला.

"वर जात न्हाय."

मागून कुणीतरी हळूच बोललं, "मंग तात्यालाच धरलंय की. म्हनून तर हात जाम केलाय." बायका डोळ्याला पदर लावायला लागल्या. मी बिरूकडं बघितलं. म्हणालो, "बिरू, मेंढरं इकू नगंस." मरताना माणसानं बोलावं तसं बोललो. मला स्वतःलाच ते चांगलं वाटलं.

तेवढ्यात बायको आली. हाताला पीठ, घामाघूम. "भाकरी गार व्हायल्यात. समदी हितं अंधारात काय बघाय लागलीया?"

"वैनी, ह्या ठिपक्यावर बोटं ठेवा," सिदू म्हणाला. "घरातल्या तुमीच ऱ्हायलाय."

तिनं भिंतीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग पदराला हात पुसला, भिंतीसमोर उभी राहिली आणि उजव्या हाताची चार बोटं खालच्या ठिपक्यांवर ठेवली. बरोबर बसली. बाया किंचाळणार तोच ती बोटं चालायला लागली. खस. खस. मुंगळा चढावा तशी, ठिपक्यामागून ठिपका, हनुवटी, कपाळ, डोक्यावर, थेट खुंटीपर्यंत. खुंटीवर बोटं टेकवून ती माझ्याकडं वळली.

"ही बोटं माजी हाईत. आता जेवनाचं काय?"

मीच विचारलं, "तुजी?"

"मंग कुनाची? त्या डाक्टरनीनं दावलं तसं करतीया. भितीम्होरं हुबं ऱ्हायचं, बोटं चालवीत वर न्यायची. जितं ओढ बसंल तितं जरा थांबायचं आनि सावकाश खाली यायचं. कळ आली तर त्या दिशी कमी. तीन-चार सालं झाली, माजा ह्यो हात डोस्क्यापतूर जात न्हवता. आता बघा कुटं जातोय."

"मला बोलली न्हाईस ती?"

"बोलत व्हते की यष्टीत. तुमी म्हनलासा, तुझ्यापाशी ठेव. ठेवलं."

"आनि मी चुना मारला तवा?"

"मला वाटलं भित घान झाली म्हनून मारलासा. बरं वाटलं. म्हनलं, मानूस सुदारलं."

"घोंगडं?" सिदूनं विचारलं. त्याला अजून आशा होती.

"कसर लागली व्हती त्येला. उनात घातलं. हात पोचला तवा काडलं. त्याआदी कोन काडनार? ह्यांचा तर गठ्ठा झालाय."

पहिल्यांदा बिरू हसला. मग सून. मग भिंतीसकट सगळी हसली. वाघ्या शेपूट हलवत होता, तो तर पहिल्यापासून बरोबरच होता. बकरं परत न्यावं असं मी सुचवलं, तर सिदू म्हणाला, "देवाला बोललेलं माघारी न्यायचं नसतंय." आणि पहिल्या पंगतीला तोच बसला.

त्या जेवणात मला चव लागली नाही. कळपातलं मेंढरू जरा पाय टाळून चाललं तर मला माळाच्या दुसऱ्या टोकावरून दिसतं. आणि ही बाई इतकी सालं एका हातानं अंबाडा बांधत होती, भरली घागर डोक्याऐवजी कमरेवर घेत होती. मला वाटायचं, तिची रीत आहे.

दुसऱ्या दिवसापासून भिंतीसमोर मी. मागं ती. "खांदा उचलू नगासा. बोटं चालवा. दम धरू नगासा." डॉक्टरणीचा आवाज तिच्या तोंडून निघायचा. पहिल्या दिवशी हात छातीशीच अडकला. आत काहीतरी कुरकुरलं, लोकरीचा गुंता बोटांनी विंचरताना कुरकुरतो तसं. मग मला त्या पोरीचं बोलणं उमगलं. गुंता हिसडा मारून सुटत नाही, तुटतो. आणि तसाच ठेवला तर घट्ट चिकटून त्याचा नमदा होतो. रोज थोडं विंचरावं लागतं. हे मी जन्मभर लोकरीला करत आलोय. स्वतःला करायचं असतं हे ठाऊक नव्हतं.

एका पहाटे जाग आली, शेजारी हात पडलेला होता, आणि मी दचकलो नाही. तो माझाच होता.

पण दसरा काही माझ्या खांद्यासाठी थांबला नाही. जवळ आला तसा बिरूचा फोन आला.

"तात्या, हात कुटवर आलाय?"

"कानापतूर."

"कान म्हंजी वर न्हवं. आकडी धरता येनार न्हाय. यापाऱ्याला पाठवू का? बोलून ठेवलंय."

बायकोनं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"बिरू, मेंढरं इकायची न्हाईत. आकडी मी धरती, माजा हात जातोय वर. आनि यापारी येतच असंल तर येऊ दे. म्हाताऱ्याचं काय देतोय ते इचार."

बिरू तिकडं खूप वेळ हसला. मग म्हणाला, "इचारतो."

आणि त्यानं विचारलं असावं. कारण दसऱ्यानंतर व्यापारी आला. वाड्यातली मेंढरं बघून मान हलवली, तेवढ्यात बायको आकडी घेऊन पुढून गेली तसा तो विषय सोडून दिला. मग माझ्यापाशी आला. खांदा दाबून बघितला, हात धरून वर करून बघितला, कानाशी अडकला तिथं सोडला. दात बघायचं तेवढं राहिलं.

चहा पिऊन गेला. निरोप कळवतो म्हणाला.

अजून कळवलेलं नाही.